फणीचा डूख

मित्रांनो, मी शिसवीची एक जुनी फणी आहे. माझ्या जातीच्या बाकीच्या फण्या म्हातारपणी गरीब गाईसारख्या कोनाड्यात पडून राहतात. मी तशी नाही. मी तेरा वर्षे मनात डूख धरला होता, आणि तो कसा उगवला हेच तुम्हाला सांगणार आहे.

उदगीरच्या महादेवप्पा सुताराने मला घडवले. एका बाजूला विरळ दात, दुसऱ्या बाजूला दाट. भामाबाईच्या वडिलांनी मला अहमदपूरच्या बाजारात घेतले आणि लेकीबरोबर लातूरला, तिच्या सासरी धाडले. भामाबाईचे केस कमरेखाली रुळत. सकाळी ती उंबऱ्यात बसून विंचरू लागली की शेजारणी म्हणत, "भामे, फणी लई गुणाची हाय गं तुझी." ते ऐकून मी फुगून जाई. खोटे कशाला बोलू?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तान्ह्या सिंधूला पाठीशी बांधून भामाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. दिवसभर केसांत फुफाटा बसायचा, आणि प्यायलाच पाणी नव्हते तिथे न्हायला कुठले! संध्याकाळी ती तशीच आडवी व्हायची. मानेवरच्या केसांची गाठ झाली, गाठीची जट झाली. मी कोनाड्यात तडफडत होते. एक दुपार मला तिच्या हाती येऊ दिले असते तर मी ती गाठ सोडवली असती!

पण सासू पार्वतीबाईने ती पाहिली आणि हात जोडले. "हात लावू नगंस भामे. देवीची जट हाय. कापलीस तर घराचा इस्कोट व्हईल." जटेला हळदकुंकू लागले आणि मला माळ्यावर भिरकावले.

देवीशी माझे भांडण नाही, मित्रांनो. माझे वैर त्या जटेशी आणि तिची आरती करणाऱ्या पार्वतीबाईशी होते. दर शुक्रवारी बायका भामाबाईच्या पाया पडायला येत, आणि मान मिळे सासूला. भामाबाईला मिळाले काय? अवघडलेली मान आणि रात्रंदिवस खाज. तिला एका कुशीवर झोपता येत नसे. माळ्यावर धूळ खात मी रोज म्हणे, थांब जटे, माझाही दिवस येईल.

लातूरचा जिल्हा झाला, नवी कचेरी आली, बाहेरगावचे साहेब आले. भामाबाई एका साहेबांच्या घरी भांडी घासू लागली. तिथे लुसी नावाची इवलीशी कुत्री होती. अंगावर एवढे लांब केस, की तोंड कोणते आणि शेपूट कोणते ते भुंकल्यावर कळायचे. साहेबीणबाई तिला रोज स्वतः विंचरत. त्या वर्षी पुन्हा पाऊस रुसलेला. मे महिन्यात साहेबीणबाई माहेरी गेल्या आणि लुसीला भामाबाईच्या घरी ठेवून गेल्या. "रोज विंचरा हं," असे बजावूनही गेल्या. पण तेरा वर्षे स्वतःच्या डोक्याला हात न लावलेली बाई दुसऱ्याचे केस कसे विंचरणार? तिचा हातच धजेना.

पंधरा दिवसांत लुसीच्या कानामागे जट झाली. पार्वतीबाईने काय करावे? लुसीच्या कानाला कुंकू लावले! "कुत्रीलाबी आली गं माय!" वर त्याच दिवशी तिला सिंधूच्या वेणीत गाठ सापडली. एरवी आपली वेणी आपणच घालणारी पोर तीन आठवडे तापाने पडून होती, डोके विंचरलेच नव्हते. पण सासू म्हणाली, "पोरीलाबी देवीनं बोलावलं. आता शाळा बंद, लग्न न्हाई. येत्या शुक्रवारी तिच्या हातात परडी देऊ." म्हणजे पोरगी जन्मभर देवीच्या नावाने दारोदार जोगवा मागणार.

माझ्या अंगाची आग झाली. आई गिळून झाली, आता ही जट लेकही गिळणार?

तेवढ्यात सिंधू शिडी लावून माळ्यावर चढली. तिने मला शोधून काढले, परकराने पुसले आणि खाली येऊन लुसीला मांडीवर घेतले.

"सिंधे, ठेव ती फणी!" भामाबाई पुढे होऊन म्हणाली.

"माय, कुत्री कवापास्नं रडून राहिली. बघू तर दे."

तिने गाठीवर करडईचे तेल चोळले. मुळाशी केस चिमटीत घट्ट धरले, म्हणजे लुसीला ओढ बसू नये. मग आधी शेंडा, मग वर, एकेक केस. पाणी नव्हते हे बरेच झाले, ओली गाठ अजूनच आवळते. माझे दोन दात मोडले. मोडू देत! मी त्या गाठीला सोडले नाही. शेवटी ती उकलली. खाली लालभडक जखम, आणि तिच्यात फुगलेली गोचीड.

सिंधूने ती उपटून पार्वतीबाईसमोर धरली. "आज्जी, देवी न्हाई, गोचीड हाय."

पार्वतीबाईने तोंड फिरवले. भामाबाई मात्र उठली. तिने मला हाती घेऊन आधी लेकीची गाठ सोडवली. मग लेकीकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "आता माजी काढ."

"भामे, घरात मुडदा पडंल!"

"तेरा वर्सं मीच मरून राहिले, आत्याबाई."

ती जट माझ्याने सुटणारी नव्हती, कात्रीच लागली. पण कापल्यावर उरलेले बोटभर केस मीच विंचरले. जट अंगणात पडली होती. मला तिची कणभर दया आली नाही.

शुक्रवारी बायका आल्या. भामाबाईचे डोके पाहून एकीने घाबरत विचारले, "देवी गेली का वं?"

"देवी हाय तिथं हाय. जट गेली," भामाबाई म्हणाली आणि सिंधूसाठी आणलेली परडी माळ्यावर टाकून कामाला निघून गेली.

पार्वतीबाई कोपऱ्यात बसून राहिली. तिला मान द्यायला कोणी थांबले नाही. मला तिला एकदा कडकडून ओरबाडायचे होते, पण तिने मला कधी हातच लावला नाही. तेवढा एक सूड राहून गेला.

मित्रांनो, मी आता थकले आहे. मला तेल लावा, न लावा. पण घरातल्या मुक्या जनावराला आणि कष्टाने दमलेल्या आईला रोज दोन घटका द्या, त्यांचे केस विंचरा. आणि कोणी "हात लावू नका" म्हणून दरडावले, तर आधी गाठीखाली काय आहे ते बघा.