काडीपेटीची जागा

मित्रांनो, मी एक जुना स्टोव्ह आहे, वातींचा. पंप मारला की फर्र करून अख्खी गल्ली जागी करणारा तो पितळी स्टोव्ह वेगळा. त्याचा नि माझा काही संबंध नाही. मी मुकाट जळणारा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलंही नसेल, म्हणून आधी माझी ठेवण सांगतो, कारण पुढची गोष्ट तिच्यावरच अडलेली आहे. खाली रॉकेलची टाकी, तिच्यातून वर आलेल्या वातींचा गोल, त्यावर भोकाभोकांच्या पत्र्याची जाळी आणि भांडं ठेवायला तीन पाय. जाळी उचलली की वातींच्या मधोमध मूठ जाईल एवढी पोकळी दिसते. तिला मी माझं पोट म्हणतो.

ताडकळसच्या शिवरुद्र अप्पांचं किराणा दुकान होतं. त्यांचं नवीन लग्न झालं आणि घरात आलेल्या भागम्मांचे डोळे चुलीच्या धुरानं लाल व्हायला लागले, म्हणून अप्पांनी मला परभणीहून आणलं. मी भागम्मांचा पहिला चहा केला. "लय गुणाचा हाय," त्या म्हणाल्या, आणि पदरानं माझी टाकी पुसली. एवढं कौतुक मला पुढं कधी मिळालं नाही, म्हणून लक्षात राहिलं.

माझं पोट भागम्मांनीच शोधून काढलं. पावसाळ्यात काड्या सादळायच्या. विझून गार झालो की त्या काडीपेटी माझ्या पोटात ठेवायच्या आणि वर जाळी घालायच्या. पेटवायच्या आधी काढायची, गार झाल्यावर परत ठेवायची. त्या घरात काडीपेटी कुठं आहे, हे कुणी कुणाला विचारत नसे.

मग गॅस आला. रेशनवरचं रॉकेल आधी कमी झालं, मग बंद झालं. मला माळ्यावर टाकलं. तिथं बरीच वर्षं गेली. एकदा खाली मोठी रडारड ऐकू आली. अप्पा गेले, हे मला फार उशिरा कळलं. माळ्यावरच्या वस्तूंना कुणी निरोप देत नाही.

मला खाली काढलं ते अनुपमानं. ही भागम्मांची सून, त्यांच्या विरेशची बायको. माहेर चुडाव्याचं, घर स्टेशनाच्या समोर. लहानपणापासून गाड्या बघत वाढलेली मुलगी, पण लग्न, मयत आणि दवाखाना सोडून कुठल्याच गाडीत कधी बसलेली नाही. तिची एकच हौस होती, कुठंतरी उगीच जायचं. काही काम नसताना. विरेशला आधी हे समजेचना. दुकानावरचा माणूस, माल आणायला जायचं एवढंच त्याला ठाऊक. "जायचं कुठं? आणि जाऊन करायचं काय?" तो विचारायचा. तिनं माळा झाडताना मला पाहिलं आणि म्हणाली, "जाऊन सैपाक करायचा."

विरेशनं कुठूनतरी बाटलीभर पांढरं रॉकेल मिळवलं, माझ्या वाती बदलल्या. भागम्मांनी नाक मुरडलं, पण काडीपेटी कुठं ठेवायची ते मात्र सुनेला नीट दाखवलं.

तेव्हापासून बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडायला लागलं. मोटारसायकलवर पुढं विरेश, मागं अनुपमा आणि तिच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेला मी. चुडाव्याला स्टेशनामागच्या लिंबाखाली खिचडी टाकली, तर धडधडत गेलेल्या गाडीच्या वाऱ्यानं मी विझलो आणि खिचडी कच्ची राहिली. दोघांनी ती तशीच खाल्ली. वर लय भारी झाली म्हणून एकमेकांना सांगितलं. देवगाव फाट्याला जाताना चाक पंक्चर झालं, तेव्हा पंक्चरवाल्याच्या टपरीमागं उपमा केला आणि पहिली बशी त्यालाच दिली. विरेशला रस्ते कळत नाहीत. कुठंही विचारा, "जवळच हाय," म्हणतो. अनुपमा प्रत्येक ठिकाणी माझा फोटो काढायची आणि मोबाइलच्या स्टेटसला ठेवायची. गल्लीत बोलणं सुरू झालं, की घरात गॅस असून ही दोघं रानात चुली मांडत फिरायलेत. शेजारच्या गीताबाई ते भागम्मांच्या कानावर न चुकता घालायच्या. ते ऐकून भागम्मा भांडी जोरात आपटायच्या.

आता त्या दिवसाचं सांगतो.

हे लिंगायतांचं घर, आणि या घरात एक नियम आहे. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय कुणी तोंडात काही घालत नाही, चहासुद्धा नाही, आणि लिंग अंगावर नसेल तर पाण्याचा घोटही नाही. ज्याचं त्याचं लिंग ज्याच्या त्याच्या गळ्यात असतं. ते तळहातावर घेऊन पूजा करायची, वस्त्रात गुंडाळायचं आणि दोऱ्यानं परत गळ्यात बांधायचं. अनुपमाचं लिंग ती पाळण्यात असताना बांधलेलं होतं. त्या दिवशी दोघं पहाटेच निघाली, म्हणून पूजा गोदावरीच्या काठावरच करायची ठरली. विरेशची झाली. अनुपमाची झाली. उदबत्ती लावायला माझ्या पोटातली काडीपेटी बाहेर काढलेली होती, जाळी बाजूला होती. तिनं लिंग पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलं आणि दोरा सारखा करायला घेतला, तेवढ्यात दत्तराव धनगरांची मेंढरं पाण्यावर आली.

मेंढरं गुणी होती. त्यांच्यातल्या एका बोकडानं मात्र मेथीची पिशवी तोंडात धरली आणि धूम ठोकली. विरेश त्याच्यामागं पळाला आणि चिखलात सपशेल आडवा झाला. "ताई, राग मानू नका," दत्तराव म्हणाले, "मेथी दिसली की हे कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई." अनुपमाला हसू आवरेना. मेंढरं अंगावर यायला लागली तशी ती उठली आणि सामान गोळा करायला लागली. तिच्या एका हातात लिंगाची गुंडाळी होती, दुसऱ्या हातात काडीपेटी. डोळे चिखलातल्या नवऱ्याकडं. हातांनी आपलं काम उरकलं. काडीपेटी पूजेच्या पिशवीत गेली आणि गुंडाळी माझ्या पोटात. वरून जाळी बसली.

मला लगेच कळलं. वजन वेगळं होतं, आणि काड्यांचा खुळखुळ आवाज नव्हता.

मेथी गेली, कपडे चिखलाचे झाले, म्हणून दोघं काही न शिजवता परत निघाली. वाटेत हसत होती. ताडकळस दिसायला लागलं आणि अनुपमानं सवयीनं गळ्याला हात लावला. तिथून पुढं ती हसली नाही. घरी आल्या आल्या तिनं पूजेची पिशवी पाटावर उपडी केली. भस्म, उदबत्त्या, काडीपेटी. लिंग नव्हतं. उदबत्तीसाठी काडीपेटी लागलीच होती, त्यामुळं ती तिथं असण्यात तिला काही वावगं वाटलं नाही. तिनं सगळं परत भरलं, पिशवी देवघरात अडकवली आणि दोघं आल्या पावली नदीकडं गेली. मला अंगणात तुळशीपाशी ठेवलं होतं.

अंधार पडेस्तोवर त्यांनी काठ चाळला. दत्तरावांनी मेंढरं आडबाजूला बसवून त्यांच्याबरोबर शोधलं, बोकडाला शिव्या घालत. काही सापडलं नाही. विरेशनं मठात फोन लावला. महाराज बाहेरगावी गेले होते. दोन दिवसांनी येतील, मग दुसरं लिंग देतील, असा निरोप मिळाला.

"तोवर दूध तरी घे," विरेश म्हणाला.

"तुमी घ्या," अनुपमा म्हणाली. "माझ्या घशाखाली न्हाई उतरायचं. जन्मापासून गळ्यात होतं ओ. मी बकऱ्याला हसत बसले."

सकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं, पाणीही नव्हतं. ऊन अंगावर घेऊन दिवसभर फिरलेली. तिचा आवाज मला अंगणात जेमतेम ऐकू येत होता. भागम्मा तिला एक शब्द बोलल्या नाहीत. जे बोलायचं ते माझ्याकडं बघून बोलल्या. ही अवदसा माळ्यावरून खाली आली आणि घराचं वाटोळं झालं. कुणी सांगितलं होतं रानोमाळ चुली मांडायला? मग आत गेल्या आणि स्वतःसाठी वाढून घेतलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. सून उपाशी असताना त्यांच्याही घशाखाली घास उतरला नसता, पण हे त्यांनी कबूल केलं नाही. पोट बरं नाही म्हणाल्या.

आणि मी तिथंच, हाकेच्या अंतरावर, पोटात तेच घेऊन बसलेलो. कुणी मला पेटवायला घेतलं असतं तर आधी काडीपेटीसाठी हात आत घातला असता आणि सगळं मिटलं असतं. पण घरात गॅस असताना मला कोण पेटवणार?

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं परत नदीला गेली. अनुपमाला गाडीवर बसताना विरेशचा खांदा धरावा लागला. विरेश तिला थांब म्हणाला, पण ती ऐकेना. ती गेली आणि थोड्या वेळानं भंगारवाल्या आश्रुबाची आरोळी आली. भागम्मांनी मला उचललं आणि त्याच्या गाड्यावर ठेवलं.

"पैसे न्हाई पाहिजेत," त्या म्हणाल्या. "डोळ्यासमोरून घेऊन जा."

बरं म्हणून आश्रुबानं मला मोडक्या पंख्याच्या पात्यांवर टाकलं. गाडा हलला. भंगारात माझ्यासारख्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. घण पडतो आणि पत्र्याचा चपटा तुकडा उरतो. माझं वय झालेलं आहे, त्याचं एवढं काही नाही. पण पोटातलं माझं नव्हतं. मला भीती वाटली. स्टोव्हाला भीती वाटते का, असं विचारू नका. वाटली.

पुढचं मी नंतर भागम्मांच्याच तोंडून ऐकलं. त्या देवघरात आल्या. समई लावायला काडीपेटी हवी होती. गॅसला लायटर, त्यामुळं घरात काडीपेटी एकच, माझ्या पोटातली. त्यांची पावलं आपोआप अंगणातल्या माझ्या जागेकडं वळली आणि मग आठवलं, की स्टोव्ह तर आपणच देऊन टाकला. देताना काडीपेटीसुद्धा काढून घेतली नाही, म्हणून स्वतःवर चरफडल्या. एखादी सुटी काडी तरी मिळेल म्हणून सुनेची पूजेची पिशवी उघडली, तर वरच काडीपेटी.

त्या ती हातात घेऊन उभ्या राहिल्या. ही इथं कशी? सुनेला आपणच शिकवलेलं. पोरगी एक वेळ मीठ विसरेल, पण काडीपेटी दुसरीकडं ठेवायची नाही. हिच्या जागेवर ही नाही, तर हिच्या जागेवर काय आहे?

मित्रांनो, भागम्मा पायात चप्पल आणि डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं त्यांना अनवाणी पळताना पाहिलं. गीताबाई दारात येऊन बघत राहिल्या. "आश्रुबा, थांब रे बाबा!" गाडा कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी होता. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि जाळी वर केली. पांढऱ्या वस्त्राचं टोक दिसलं. त्यांनी हात आत घातला नाही. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नसतो. जाळी परत बसवली आणि मला छातीशी धरून घरी आणलं. त्यांचं काळीज केवढ्यानं उडत होतं, ते मला पत्र्यातून कळत होतं.

मला त्यांनी अंगणात ठेवलं नाही. देवघरात पाट मांडला आणि मला, काजळीनं काळ्या झालेल्या स्टोव्हाला, त्या पाटावर बसवलं. विरेशला फोन लावला. नंतर समई लावली आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या.

मोटारसायकल आली. अनुपमा दाराला धरून आत आली. ओठ सुकलेले, साडीला काट्यांचे ओरखडे. पाटावर मला बघून तिला काही उमजेना.

"हात धुऊन ये," भागम्मा म्हणाल्या. "काडीपेटीच्या जागी बघ. तुझं तुलाच काढावं लागंल."

अनुपमानं जाळी उचलली. गुंडाळी हातात आली तशी ती खाली बसली आणि एवढी रडली की विरेश घाबरला. भागम्मांनी तिच्या पाठीवर हात फिरवला नाही, त्यांना ते जमत नाही. त्यांनी दोऱ्याची गाठ मात्र स्वतः बघितली, पक्की आहे का म्हणून. अनुपमाची पूजा झाली. ती पाणी प्यायली. मग भागम्मांनी गॅसकडं न जाता मला अंगणात नेलं, पदरानं माझी टाकी पुसली आणि चहा टाकला. फार वर्षांनी पुसली. चहा पिता पिता त्या विरेशला म्हणाल्या, "अप्पा मला एकदा गोदावरीला नेतो म्हणले होते. राहूनच गेलं. तिथं सावली हाय का रे बसायला?"

"हाय की," विरेश म्हणाला. "जवळच हाय."

तेव्हा मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंसाठी फार काही मागत नाही. पुसलं तर बरं वाटतं, वाती वेळेवर बदलल्या तर आम्ही धूर करत नाही. एवढंच करा, की एखादी जुनी वस्तू रागाच्या भरात गाड्यावर टाकायच्या आधी एकदा तिच्या पोटात हात घालून बघा. आम्हाला सांगता येत नाही.

या आठवड्यात मोटारसायकलवर जागा नव्हती, म्हणून विरेशनं रिक्षा सांगितली होती. काडीपेटी माझ्या पोटात होती आणि मी भागम्मांच्या मांडीवर.