सोमादिनाच्या अंगावरचे काळे पट्टे

असाबा शहरातल्या त्या भाड्याच्या घरात एक कॅमेरा होता, ट्यूबचे चार दिवे होते, सेटवर अकरा माणसं होती आणि कुंपणावर लटकलेली निदान साठ. साठही जणांचे डोळे मॉनिटरवर. सोमादिना अभिनयाला उभी राहिली की तिच्या अंगावरून काळे आडवे पट्टे सरकायचे. पण फक्त पडद्यावर.

"मामी वाटा! पाण्यातली ती बया हिच्या अंगात आहे!" प्रॉफेट झेबुलन गरजले. शूटिंगआधीच्या प्रार्थनेला बोलावलेला हा पाहुणा 'आमेन' झाल्यावर घरी जायचं विसरला होता. "माणसाला फसवशील, कॅमेऱ्याला कशी फसवशील?"

मग त्यांनी स्वतःच्या भाचीच्या डोक्यावर तेल ओतून तिला उभं केलं. पट्टे गायब. हालेलूया!

दिग्दर्शक केने, आम्हा सगळ्यांचे 'ओगा' म्हणजे साहेब, घाम पुसत म्हणाले, "सोमा, पोरी, तुझी भूमिका हिलाच देतो."

"भूमिका जाऊ द्या, ओगा. मी घरी धड पोचेन का, ते सांगा." कुंपणावर "चेटकीण" सुरू झालं होतं. एकाच्या हातात दगड होता.

मी ध्वनिमुद्रण करते. जनरेटरची घरघर गाळण्यातच माझं आयुष्य चाललंय. सोमादिनाच्या टेकमध्ये ती जाड व्हायची, भाचीच्या टेकमध्ये बारीक. बया इंजिनाचा वेग कशाला कमी करेल? जनरेटर होता मागच्या अंगणात. त्याच्या 'आशीर्वादासाठी' प्रॉफेटनी आपला भक्त चिगोझी बसवला होता. त्याला तिथून सेट दिसत नव्हता. ऐकू यायची ती फक्त क्लॅप देणाऱ्याची आरोळी: कोण उभं आहे आणि कितवा टेक.

"ओगा, एक टेक मला द्या," मी म्हटलं. "प्रॉफेटसाहेब, आपणच उभे राहता का? कॅमेरा पवित्र होईल."

त्यांना कॅमेऱ्याचं वावडं नव्हतंच. झगा झटकून उभे राहिले. क्लॅप देणाऱ्याच्या कानात मी दोन शब्द सांगितले.

"सोमादिना, टेक नऊ!"

घरघर जाड झाली. प्रॉफेटांच्या पांढऱ्या झग्यावरून काळे पट्टे झोकात सरकू लागले.

"अहो, बयेनं नवरा केला की काय!" कुंपणावरून कोणीतरी ओरडलं.

"चिगोझी, गाढवा!" प्रॉफेट किंचाळले. तेही मी ध्वनिमुद्रित केलं.

अंगणात चिगोझीचा हात अजून वेगाच्या स्क्रूवरच होता.

"प्रॉफेट व्हायच्या आधी हे आमच्याकडे दिवे लावायचे," कॅमेरामन पुटपुटला. हे आधी सांगायला त्याला काय झालं होतं, देव जाणे.

यात चमत्कार कुठला? वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं घेते, दिवे त्याच्या दुप्पट, शंभरदा लुकलुकतात आणि कॅमेऱ्याचं शटर त्या तालाला लावलेलं असतं. जनरेटर मंदावला की ताल चुकतो, अपुऱ्या उजेडाचे पट्टे उमटतात. हे कळायला पदवी लागत नाही. बाईला चेटकीण ठरवण्याआधी एवढंच करा: एक गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा आणि बघा. दगड उचलण्यापेक्षा ते सोपं आहे.

मी चिगोझीला उठवलं आणि स्क्रू स्वतः फिरवला. सोमादिना पुन्हा उभी राहिली.

टेक दहा. जनरेटर पन्नास हर्ट्झ. पट्टे शून्य.