किनुएचा उजवा गाल

मी एक जुना कॅमेरा. फिल्म भरावी लागते असा. सुवा तळ्याकाठच्या कारखान्यात पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी मला जोडलं. उजेड किती आहे, पडदा किती वेळ उघडायचा, हे माझं मी ठरवतो. माणसाने एवढंच करायचं: माझ्या खिडकीत एका चेहऱ्याचे दोन दिसतात, ते कडं फिरवून एकावर एक आणायचे.

१९६७ साली मात्सुमोतोच्या तात्सुजींनी मला घरी आणलं. गवताच्या जाड चटया शिवायचा त्यांचा धंदा. बायको वारलेली, घरात एकुलती मुलगी, किनुए. तिचे त्यांनी पुष्कळ फोटो काढले. चेरीखाली, किल्ल्याच्या खंदकाच्या काठी, लोणच्यासाठी भाजी धुताना. "जरा तिकडे बघ, बाळ," ते म्हणायचे, आणि फोटोत यायचा फक्त डावा गाल.

एकदा ती चटकन वळली, तेव्हा मला दुसरा गाल दिसला. मानेपर्यंत भाजल्याचा डाग. ती चार वर्षांची असताना तात्सुजींच्याच हातून उकळत्या पाण्याची किटली कलंडली होती. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे.

पुढच्या वसंतात सादायोआत्या स्थळ घेऊन आल्या. शिओजिरीचे मुरामात्सु, सोबा शेवयांचं दुकान. पाठवायला त्यांनी स्टुडिओतला फोटोही तयार करून आणला होता. त्यात डाग पुसून टाकलेला.

"बघ, कशी बाहुली दिसतेस!"

"आत्या, ही कोण?"

"अगं, सगळेच पुसून घेतात. भेट झाली की सावकाश सांगू."

"म्हणजे ते मला बघून दचकणार, आणि मी चहा ओतत बसणार."

"अठ्ठावीस पूर्ण झाली तुला! राजपुत्र येणारेय का?"

"शेवयावाला चालेल. पण मला बघून हो म्हणू दे त्याला."

किनुएने मला फळीवरून काढलं, वडिलांच्या हातात दिलं आणि उजवा गाल उजेडाकडे करून खिडकीशी बसली.

"बाबा, या बाजूने काढा."

"मला नाही जमायचं गं."

"सगळं कॅमेराच करतो, असं तुम्हीच सांगता ना लोकांना?"

खोलीत उजेड कमी होता. मी पिवळा दिवा लावला, म्हणजे हात हलू देऊ नका. जाड सुई दिवसभर चालवणाऱ्या बोटांनी ते कडं फिरवू लागले. माझ्या खिडकीत डाग दोन दिसत होते. ते हळूहळू एक झाले.

"दुखतं का अजून?" तात्सुजींनी विचारलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

"थंडीत ओढतं जरा. बाबा, तेव्हा तुमचाही हात भाजला होता. आठवतंय मला."

त्यांनी दोन्ही कोपरं मेजावर रोवली, श्वास धरला आणि बटण दाबलं.

फोटो शिओजिरीला गेला. तीन आठवडे उत्तर नाही. "सांगत होते ना मी!" असं आत्या रोज येऊन सांगून जायच्या. चौथ्या रविवारी मुरामात्सु स्वतःच दारात उभे. हातात कापडात बांधलेल्या शेवया.

"पत्र लिहायला बसलो होतो," ते खाली बघत म्हणाले, "पण मला धड लिहिता येत नाही. म्हणून आलो. एक विचारू? फोटोत तुम्ही रागावलेल्या दिसता. माझ्यावर का?"

"नाही हो. आत्यावर."

आत्यांना चहाचा ठसका लागला. तात्सुजी इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले, आणि मग बराच वेळ ते पुसतच राहिले.

शरद ऋतूत लग्न झालं. सासरी जाताना किनुएने मला सोबत नेलं.

आता तात्सुजी नाहीत, मुरामात्सुही नाहीत. माझी बॅटरी मिळेनाशी झाली, त्यामुळे उजेड मोजता येत नाही. पण बॅटरीवाचूनही पडदा एका ठरलेल्या वेगाने उघडतो, आणि लख्ख उन्हाला तो वेग पुरतो. कुणीतरी एक रीळ भरा आणि मला भर दुपारी बाहेर न्या. दुकानाच्या पायरीवर किनुए ऊन खात बसलेली असते.