कोड बारा

“परत बारा,” बाबा म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून खुर्चीत मागे रेलले.

त्यांची मुलगी त्यांच्याच हाताखाली कामाला होती. तिनं त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. मशीनवर चालवलेला जॉब संपला होता आणि शेवटच्या ओळीत तोच आकडा होता. शून्य आलं तर काम झालं, चार आलं तर मशीनची थोडी कुरकुर, आठ आलं तर डोकं खाजवायचं आणि बारा आलं की सगळं पहिल्यापासून. सकाळपासून बाराशिवाय दुसरं काही आलंच नव्हतं.

दारातून नेटवर्कवाला डोकावला. ऑफिसात त्याला सगळे वायरमन म्हणत. त्याला ते आवडत नसे, म्हणून जास्तच म्हणत.

“काय काका, किती वाजले?”

“बारा.”

“माझ्या घड्याळात तर चार वाजलेत.”

“तुझ्या लाइनीमुळेच माझे बारा वाजलेत. जा, आधी ती बघ.”

“लाइनीला बोल लावू नका. त्याच लाइनीवर साहेब दुपारपासून मॅच बघतायत. एक चेंडू अडकलेला नाही.”

बाबांना हसू आलं असतं, पण आज त्यांनी ते येऊ दिलं नाही.

काचेच्या भिंतीपलीकडे विमा कंपनीचा मेनफ्रेम, म्हणजे तो मोठा संगणक, उभा होता. तिच्या जन्माच्या आधीपासूनच्या पॉलिसी त्याच्या डेटाबेसमध्ये होत्या. त्या डेटाबेसची कपाटं आतून आवरून ठेवणारं एक टूल होतं आणि ते महिनाअखेरीस बंद पडणार होतं. त्याच्या जागी नवं बसवायचं होतं. इतकी वर्षं असली टूल्स टेपवर यायची. खोकं यायचं, बाबा सही करायचे, टेप चढवायचे, झालं. या वेळी विकणाऱ्या कंपनीनं नुसती एक लिंक पाठवली होती. तिथून फाइल आधी पीसीवर उतरवायची, पीसीवरून मेनफ्रेमवर चढवायची, मग ती बसवणारा जॉब चालवायचा. साहेब म्हणाले होते, पोरखेळ आहे.

“टेप कशी हातात यायची,” बाबा पुटपुटले. “हे म्हणजे पिशवीत हात न घालता बटाटे घेणं.”

पिशवीत हात घातल्याशिवाय बाबांनी आयुष्यात काही घेतलं नव्हतं आणि पुढेही दिलं नव्हतं. कुलूप लावून जिना उतरले की ते परत वर जात, कुलूप काढत, आत बघत आणि पुन्हा लावत. चिकटवलेलं पाकीट टपालात टाकण्याआधी उघडून बघत, मग घरभर डिंक शोधत. आई म्हणायची, “ह्यांना देवानं पहिला श्वास दिला, तोही ह्यांनी उघडून बघितला असणार.”

तिला मात्र आज वेगळीच घाई होती. कॉलेजच्या ग्रंथालयातून काल फोन आला होता. नोकरी तिची होती, सोमवारी होय की नाही ते कळवायचं होतं. आणि आज सकाळीच लिफ्टमध्ये साहेबांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता. “काका, तुम्ही रिटायर झालात की खुर्ची हिचीच. घरची खुर्ची घरात.” बाबा लिफ्टपासून टेबलापर्यंत शीळ घालत आले होते. त्यांना शीळ येते, हे तिला आजच कळलं होतं.

इथलं काम तिला येत होतं, चांगलं येत होतं. आवडत नव्हतं. या दोन गोष्टींतला फरक बाबांना कुठल्या शब्दांत सांगायचा हे तिला उमजत नव्हतं. एकदा शून्य येऊ दे, ते खुशीत असतील, घरी जाताना सांगू, असं तिनं ठरवलं होतं. आणि शून्य काही येत नव्हतं.

“तू चहा आण गं तोवर,” बाबा म्हणाले. “मी परत उतरवून घेतो.”

चहा घेऊन ती आली तेव्हा बाबा पीसीच्या पडद्याला नाक लावून बसले होते. पडदाभर निरर्थक चिन्हांची गिचमिड होती, मुंग्यांचं वारूळ फुटावं तशी.

“हे काय?”

“काही नाही. जरा बघत होतो.” त्यांनी पडद्यावरची ती खिडकी बंद करायला घेतली. पीसीनं काहीतरी विचारलं. “बघ, सेव्ह करू का म्हणतोय. प्रत्येक वेळी ह्याला विचारायचंच असतं.”

“मग?”

“मग काय, हो म्हणायचं. हो म्हटल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.”

तिनं फाइल चढवली. जॉब चालला. बारा.

“चढवताना बायनरी केलं होतंस ना, जशीच्या तशी? टेक्स्टमध्ये नाही ना टाकलंस?”

“बायनरीच होतं, बाबा. शंभरदा सांगितलं.”

“शंभरदा सांगायचं आणि एकदा करायचं नाही, ही तुमची पद्धत.”

“मग तुम्हीच करा सगळं.”

वायरमन दारातल्या दारात मागे फिरला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांशी फक्त फाइलींची नावं बोलले.

घरी जाताना बाबा नेहमीसारखे दोन पावलं पुढे होते. कोपऱ्यावर ते थांबले. “तू नसतीस ना, तर आज तो पीसी मी खिडकीतून फेकला असता.” त्यांच्या लेखी ती माफी होती.

आता सांगावं. ती त्यांच्या बरोबरीला आली. “बाबा, सोमवारी...”

“सोमवारी शून्य येणार,” बाबा म्हणाले. “येत नाही म्हणजे काय. माझं नाव बदल.” आणि पुन्हा पुढे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते न्हाणीघरात खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. आईनं तो आपल्या पदरानं पुसला.

ती ऑफिसला परत गेली तेव्हा महिना संपत आला होता. साहेब टेबलाशी आले, पेपरवेट उचलून पुन्हा ठेवला. “घाई करायची माझी इच्छा नाही. पण ते टूल...”

“करते,” ती म्हणाली.

ग्रंथपाल बाईंनी फोनवर सांगितलं होतं, “तू सावकाश कळव, आम्ही थांबतो.” तिनं आभार मानले होते. होय म्हणाली नव्हती, नाहीही नाही. बाबांना न सांगता होय म्हणायचं म्हणजे त्यांच्या पाठीमागे काहीतरी केल्यासारखं होतं. आणि सांगायचं तर आता कुणाला?

बाबांनी पीसीवर उतरवून ठेवलेली फाइल तिनं पुन्हा चढवली. बारा. चढवण्याचं प्रत्येक सेटिंग तपासलं, जागा वाढवून दिली. बारा. जेवायची सुट्टी टळली. मशीन नुसतं तोच आकडा तोंडावर फेकत होतं आणि तिला वाटत होतं, कुणीतरी हट्टानं तोंड मिटून बसलंय. शेवटी तिनं विकणाऱ्या कंपनीला फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम, उतरवल्यानंतर मधे ती फाइल कुणी उघडली होती का?”

“नाही.”

“कारण उघडून सेव्ह केली ना, की ती आतून बदलते. बाहेरून नाव तेच, दिसते तशीच. पण मग मशीन घेत नाही.”

“थांबा,” ती म्हणाली.

आणि तिला ती गिचमिड दिसली. पडद्याला लागलेलं नाक दिसलं. ती चहाला जायची तेव्हा प्रत्येक वेळी. नवी फाइल उतरली की उघडायची, डोळ्यांखालून घालायची, हो म्हणायचं आणि मग पुढे पाठवायची.

तिनं बाईंचे आभार मानून फोन ठेवला. आधी हसू आलं. मग संताप आला. इतक्या दिवसांत ती धड रडली नव्हती, रागावली तर नव्हतीच. आख्खा दिवस. बाबांचा शेवटचा धडधाकट दिवस या वेडेपणात गेला, आणि वर बोलणी तिनं खाल्ली. कशाला बघायचं सारखं? काय दिसणार होतं त्या मुंग्यांत? आणि ती स्वतः तरी काय बघत होती, समोर उघडी फाइल असताना?

तिनं फाइल नव्यानं उतरवून घेतली. हात सवयीनं माउसकडे गेला. नुसतं एकदा आत बघून घ्यावं, असं तिलाही वाटलं. बाबांचीच मुलगी. तिनं हात मांडीवर ठेवला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि फाइल न बघता चढवली.

जॉब चालायला लागला. वायरमन दारात आला. “किती वाज...” म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

“शून्य,” ती म्हणाली.

त्यानं साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी वाकून आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. “काय होतं गं शेवटी? काकांचं काही राहून गेलं होतं?”

“नाही. फाइलच बिघडलेली होती.”

“तेच म्हटलं. काकांच्या हातून राहायचं नाही.”

“लाइन नव्हती ना?” वायरमननं विचारलं.

“लाइन नव्हती.”

“काकांना ऐकवायला पाहिजे होतं हे,” तो म्हणाला, आणि वरच्या ट्यूबलाइटकडे बघत राहिला.

साहेबांनी बाबांची खुर्ची पाठीला धरून थोडी तिच्याकडे वळवली. “बस इथे. मी वर सांगून ठेवलंय.”

ती बसली नाही. “साहेब, नवीन टूल नीट चालतंय एवढं बघते आणि मग जाते. मला दुसरीकडे नोकरी मिळाली आहे. ग्रंथालयात.”

साहेबांना क्षणभर अर्थच लागला नाही. “काकांना माहीत होतं?”

“नाही.”

ते मान हलवून बाहेर गेले. त्यांच्या पाठोपाठ वायरमनही गेला.

ती काचेचं दार ढकलून मेनफ्रेमच्या खोलीत गेली. आत गार होतं, आणि पंख्यांची अशी घरघर होती की साधं बोललेलं बोलणाऱ्यालाही ऐकू येत नसे. ती मशीनसमोर उभी राहिली.

“बाबा, मला हे काम नाही आवडत,” ती मोठ्यानं म्हणाली. “कधीच नाही आवडलं. तुम्ही होतात म्हणून येत होते.”