गढूळ पाझर

सोलापूरच्या गाडीतून प्रोफेसर जैनोद्दीन उतरले, तेव्हा बलभीम स्वतः जीप घेऊन उभा होता. हैदराबादच्या विद्यापीठात सरांनी सव्वीस वर्षं इंजिनियरिंग शिकवलं होतं आणि बलभीम त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. जळकोटकडच्या कुणब्याच्या घरातला पहिला इंजिनियर. १९५९च्या त्या पावसाळ्यात त्यानं बांधलेला मातीचा तलाव पहिल्यांदाच काठोकाठ भरला होता. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं आणि मंत्र्यांच्या शेजारी सरांची खुर्ची.

दुपारी दोघं बांध बघायला गेले. सर वरून फार चाललेच नाहीत. काठी टेकत ते खाली पायथ्याशी उतरले. तिथं गवतात पाणी झिरपत होतं. त्यांनी ओंजळ भरली आणि बराच वेळ तिच्यात बघत राहिले.

"सर, मातीचा बांध आहे. थोडं पाझरणारच."

"नितळ पाझरलं असतं तर मी काही बोललो नसतो. हे गढूळ आहे, बलभीम. बांध आतून वाहून चाललाय. आत्ताच्या आत्ता दरवाजा उघड, तलाव उतरव."

"उद्या मंत्रीसाहेब स्वतःच्या हातानं उघडणार आहेत. आज उघडला तर मोठे साहेब मला घरी पाठवतील. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"हे मी तुला शिकवलं नव्हतं," सर म्हणाले आणि जीपमध्ये न बसता ओढ्याकाठच्या वस्तीकडं चालू लागले.

वस्तीत बारा घरं. बांध फुटणार, हे शेरवानीतल्या म्हाताऱ्याचं बोलणं ऐकून माणसं हसली. गजराबाई तेवढी हसली नाही.

"आमच्या हिरीचं पाणी तीन दिस झालं लाल येतंय," ती म्हणाली. "त्येच्यामुळंच व्हय?"

"त्याच्यामुळंच, बाई. पोरंबाळं घेऊन माळावर जा."

तिनं आपली भांडी डोक्यावर घेतली. ती निघाली तशी बाकीची घरंही कुरकुरत निघाली. सर रात्रभर त्यांच्यातच माळावर राहिले.

मंत्र्यांची गाडी अकराला यायची होती. बारा वाजले, एक वाजला. मांडवात बँडवाले पेंगत होते. बलभीम सारखा बांधाकडं बघत होता. शेवटी तो उठला आणि धावत जाऊन दरवाजाचं चाक फिरवू लागला. "अहो, बंद करा ते!" मोठे साहेब मांडवातून ओरडले. त्यानं ऐकलं नाही. पण तेवढ्यात बांधाच्या मधोमध बैलगाडी मावेल एवढा खड्डा पडला आणि बघता बघता सगळा तलाव खाली धावला.

बारापैकी एकही घर उरलं नाही. माणसं वाचली, फक्त गजराबाईचा नवरा शिवप्पा गाय सोडवायला खाली गेला होता.

महिनाभरानं तहसील कचेरीत चौकशी झाली. जादा पावसानं बांध फुटला, असं लिहून द्यायला मोठ्या साहेबांनी बलभीमला सांगितलं होतं. जबाबाआधी व्हरांड्यात गजराबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, तुमाला कवा कळालं हुतं?"

बलभीमची मान वर होईना. "आदल्या दिवशी. दुपारी."

ती पदर सावरून भिंतीशी बसली. आत त्याच्या नावाचा पुकारा झाला. त्यानं साहेबांनी दिलेला कागद टेबलावर उलटा ठेवला आणि तिला सांगितलं तेच सांगितलं.