गाडीत जागा दोघांचीच

गाडी दारात आली तेव्हा रत्नाबाईंनी तिला आधी डोळे भरून पाहिलं आणि मग तोंड भरून नावं ठेवली. बारा वर्षं जुनी, दोन मालकांनी वापरून सोडलेली, टपावरचा रंग उडालेली टोयोटा.

"भंगारच घ्यायचं होतं तर इस्लामपुरात काय कमी होतं? त्यासाठी सनीव्हेलला कशाला यायचं?"

मुलगा एकनाथ हसला आणि ट्रेन गाठायला पळाला. सून हसली नाही. मुक्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा तिने बॉनेटवर हात ठेवला.

देवयानी पुण्याची, मेकॅनिकल इंजिनियर. पण तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. त्यावर नोकरी करायला बंदी. दोन वर्षं घर आवरून आवरून घरालाही तिचा कंटाळा आला असेल. मग तिने ही गाडी शोधून काढली. आठ-आठ दिवस वाळवंटात, डोंगरात राहता येईल अशी ती तिला करायची होती. झोपणं, रांधणं, पाणी, सगळं गाडीतच.

रत्नाबाई चौथी शिकलेल्या. पण एकोणीस माणसांचं घर त्यांनी नुसत्या नजरेवर चालवलं होतं. इथे अमेरिकेत सहा महिन्यांसाठी लेकाकडे आल्या आणि नजर टाकायला माणूसच उरलं नाही. म्हणून सकाळचं आवरलं की त्या गॅरेजमध्ये जाऊन बसायच्या. जिभेला काम आणि डोळ्यांना खुराक, दोन्ही तिथेच.

"ही गाडीला सोंड कसली लावतेस?"

"स्नॉर्कल म्हणतात, आई. गाडी पाण्यातून गेली तर इंजिनाने इथून वरून श्वास घ्यायचा."

"पाण्यातून? अगं, वाळवंटात निघालात ना?"

देवयानीने सोंडेचा स्क्रू आवळला. "धुळीलाही उपयोगी पडते."

"हां, धूळ म्हण. आणि ही दुसरी बॅटरी?"

"फ्रिजसाठी. रात्रभर फ्रिज चालला तरी सकाळी गाडी सुरू व्हायला हवी."

"म्हणजे एक बॅटरी कमावती आणि एक खाती. चालू दे."

अशी चौकशी रोजची. नावं ठेवल्याशिवाय प्रश्न नाही आणि प्रश्न विचारल्याशिवाय दिवस नाही. कुठे जाणार ते कळलं तेव्हा तर त्यांनी कपाळावर हात मारला. "डेथ व्हॅली! मरणाची दरी! आमच्याकडे असल्या जागेचं नाव घेताना थुंकतात, आणि तुम्ही तिथे रजा टाकून जाणार?" मग जरा वेळाने, हळूच, "काय आहे गं तिथं?"

"मीठ. मैलोन् मैल पांढरं मीठ. आणि वाऱ्याने सरकणारे वाळूचे डोंगर."

मिठाचं रान. रत्नाबाईंच्या डोक्यातून ते जाईना.

एक दिवस देवयानीने मागची सीट नटबोल्ट काढून उतरवली आणि भिंतीला टेकवली. तिच्या जागी फ्रिज आला. त्याच्या मागे सामानाचे खण, खणांवर फळी, फळीवर गादी.

"आता माणसं बसायची कुठे?" रत्नाबाईंनी विचारलं.

"पुढे दोघं. मागे सामान."

रत्नाबाईंनी त्यावर काहीच टोमणा मारला नाही. देवयानी पान्याशी झटापट करत होती. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या रविवारी फोन कार्डावरून गावाकडे जावेशी बोलताना त्या म्हणाल्या, "पाय धरतायत गं, चला चला म्हणून. मीच म्हटलं, मला काय करायचंय वाळवंट?" पलीकडून प्रतिमा म्हणाली, "खरं आहे, वहिनी, या वयात कशाला?" आणि रत्नाबाईंना तिचाच राग आला.

मग एकनाथनेही जेवताना सांगून टाकलं. "आई, आम्ही शुक्रवारी निघू. तुला आठ दिवस क्युपर्टिनोला देवयानीच्या वीणामावशींकडे सोडतो. तिथे तुला बोलायला माणसं मिळतील."

"सोड की. नाहीतरी मी सामानच."

"आई, तुला ती गाडी आवडत नाही म्हणून—"

"मी कुठे काय म्हटलं? भात घे."

निघायच्या दोन दिवस आधी गाडी पूर्ण भरून तयार झाली. एकनाथ ऑफिसला गेला होता, देवयानी आत फोनवर बोलत होती. गाडीचं मागचं दार उघडं. रत्नाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि गुडघ्यांना शिव्या घालत आत चढल्या. नाव ठेवायला जागा नव्हती. खण लोण्यासारखे सरकत होते, एक डबा हलत नव्हता. त्या गादीवर आडव्या झाल्या. पाय पुरले, डोकं पुरलं.

तेवढ्यात पावलं वाजली. चढून बसल्याचं दिसलं असतं तर जन्माची लाज. त्यांनी पांघरूण तोंडावर ओढलं. देवयानी आत गेली की उतरू, असा बेत. पण मागचं दार धाडकन बंद झालं आणि इंजिन सुरू झालं.

देवयानी निघाली होती वजनकाट्यावर. गाडीने किती ओझं पेलायचं याची मर्यादा असते. त्याहून जास्त झालं तर वाळूत स्प्रिंगा तुटतात. सॅन होजेच्या बाजूला खडीच्या यार्डात ट्रक तोलायचा काटा होता. साखर कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्या तोलतात, तसलाच. गाडी त्यावर चढल्यावर जे खडखडलं ते रत्नाबाईंनी पडल्या पडल्या ओळखलं.

भोंग्यातून आकडा आला. देवयानीने कागदावरची बेरीज पाहिली. तिने पुन्हा विचारलं. आकडा तोच.

"एकशे अठरा पौंड जास्त? कुठून?"

प्रत्येक डबा तिने वजन करून भरला होता, त्याच्यावर चिकटपट्टीवर आकडा लिहिला होता. तिने एकनाथला फोन लावला.

"अरे, लिमिटच्या वर गेलंय... नाही यार, सगळं दोनदा तपासलंय... कॅन्सल करू या. जिथे माझी बेरीजच चुकते, तिथे बोल्ट तरी नीट आवळलेत का, कुणास ठाऊक. आई रोज म्हणतात ते खरं आहे. भंगारच आहे हे." तिने वजनांची यादी डॅशबोर्डवर फेकली. "माझं इंजिनियरिंग पण."

रत्नाबाई पांघरुणाखाली घामाघूम झाल्या. गप्प राहिल्या असत्या तर अब्रू वाचली असती.

"तुझं काही चुकलेलं नाही," त्या मागून म्हणाल्या.

देवयानी अशी किंचाळली की काट्यावरचा माणूस खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"आई! तुम्ही इथे काय करताय?"

"वजन वाढवतेय. दुसरं काय?"

"बेल्ट नाही, काही नाही! मी जोरात ब्रेक मारला असता तर?"

"मारलास की दोनदा. भोपळ्यासारखी गडगडले."

फोनमधून एकनाथ हॅलो हॅलो करत होता. "सापडले एकशे अठरा पौंड," असं म्हणून देवयानीने फोन ठेवला.

रत्नाबाई उतरल्या. गाडी पुन्हा तोलली. या खेपेला आकडा देवयानीच्या बेरजेला चोख जुळला. काट्यावरून बाजूला आल्यावर तिने विचारलं, "पण चढलात कशाला?"

जिभेवर चार उत्तरं तयार होती. रत्नाबाईंनी चारही गिळली. "मी मावते का ते बघायला."

"मग बोलला का नाहीत? मला वाटलं, तुम्हाला ही गाडी नजरेसमोर नको."

"नको असती तर रोज गॅरेजात काय ऑइलचा वास घ्यायला बसत होते? आणि मी विचारायचं? घरचं माणूस कधी विचारून येतं का?" मग त्यांनी पदर सारखा केला. "मला यायचंय."

हे त्यांनी जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. त्या नुसत्या निघायच्या. बाकीचे मागून यायचे.

देवयानीने मागचं दार उघडून आत पाहिलं. "फ्रिज आणि त्याची बॅटरी काढावी लागेल. मग अर्धी सीट परत बसेल. आम्ही तंबूत झोपू, तुम्ही आत."

"महिनाभर त्या बॅटरीच्या वायरी ओढत होतीस की गं. राहू दे. मी जाते वीणाबाईंकडे." हे मात्र त्या रुसून म्हणाल्या नाहीत.

"आता नखरे नकोत, आई. फ्रिज पुढच्या खेपेला. दूध मिळणार नाही मात्र. काळा चहा प्यावा लागेल."

"काळा?" रत्नाबाईंनी तोंड वाकडं केलं. "पिईन."

परतताना त्या पुढे बसल्या, पट्टा लावून. इतके दिवस त्या गाडीकडे बाहेरूनच बघत होत्या; पुढून ती वेगळीच दिसत होती.

"हा दुसरा दांडा कशाचा?"

"चारही चाकं ओढायला लावायचा. एरवी मागची दोनच ओढतात."

"आणि पुढची नुसती मिरवतात? लावून दाखव बघू."

"आई, हा पक्का रस्ता आहे. तो माती-वाळूत लावायचा."

"मग ते बघ, उजवीकडे. टेकडीला मातीचा रस्ता जातोय."

देवयानीने आरशात पाहिलं आणि उजवा सिग्नल दिला.