दारावरचा हात

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नये. पण खापरखेड्याच्या वीजकेंद्रात माझ्यासोबत रुपराव नावाचा एक माणूस होता. तो हसायची इतकी तालीम करायचा, की शेवटी शेवटी त्याच्या आधी आरसाच हसू लागला.

"फेकून राहिले, आबा," माझी नात काजल म्हणाली.

रामदासपेठेतल्या हॉलच्या मागच्या जिन्यात आम्ही बसलो होतो. वर तिचाच साखरपुडा. पाहुण्यांशी हसून हसून गाल दुखायला लागले, तशी बांगड्या मुठीत आवळून ती खाली उतरली. मी तिथे होतोच, केटररची बादली उलटी घालून. कोणी विचारलं असतं तर वर हवा लागत नाही म्हणून सांगणार होतो.

काजलला ऑटिझम आहे, हे डॉक्टरांनी मागच्या वर्षी सांगितलं. हे बाहेर बोलायचं नाही, असं घरात ठरलं. रोशनला, म्हणजे नवरदेवाला, तरी सांगावं की नाही, हे ती मला रोज विचारायची. मी रोज विषय बदलायचो.

"मग त्या रुपरावचं काय झालं?"

"त्याले माणसं समजेच ना, पोरी. कोणी दारात 'जेवून जा' म्हटलं, का हा चप्पल काढून, हात धुऊन बसला पाटावर! एका घरी तर घरच्या बाईच्या वाटची भाकर खाऊन आला. कॉलनीत बोंब. 'रुपरावले जेवून जा म्हणू नका गा, तो खरंच जेवते!'"

काजल हसली. तिच्या खऱ्या हसण्याला आवाज नसतो, नुसते खांदे हलतात.

"मग तो शिकला. म्हणणारीचा हात दारावर असला, तर निघाचं. पदराले हात पुसून राहिली, तर बसाचं. बोलताना समोरच्याच्या भुवयांच्या मधात पाहाचं. सगळे हसले, का एक श्वास सोडून आपण हसाचं. अन् ड्यूटीवरून आला, का मोरीत बादली उलटी घालून अंधारात बसून राहे. बायको दारातून ताट सरकवे. पोराइले म्हणे, आवाज करू नका रे."

"तिले माहीत होतं?"

"तिनं ओळखलं. त्यानं कधी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर?"

मी चष्मा काढला. धोतराच्या टोकानं पुसला. पुन्हा पुसला.

"काय सांगाचं त्यात? पुढे त्याले सवय झाली. थकवा गेला. तुलेही होईन सवय. रोशनले काही सांगू नको."

वर एकदम हशा उठला. एक श्वास गेला, आणि मीही हसलो.

काजल उभी राहिली. साडीच्या निऱ्या झटकल्या. माझ्याकडे पाहिलं, नेमकं भुवयांच्या मधात.

"मी रोशनले खाली बोलावते," ती म्हणाली. "अन् तुम्ही खोटं बोलून राहिले, आबा. सवय झाली असती, तर माझ्या आधीपासून इथं बादली उलटी घालून काहून बसले असते?"